हाव म्हणणारी मुलगी आणि आम्ही अनुभवी स्वयंसेवक

आमच्या लातुरात त्या काळी टिक या शब्दाला एकच अर्थ होता. चार पर्यायांतल्या बरोबर पर्यायापुढं मारायची ती टिक. मी ज्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो, तिथं कोंबडं आरवायच्या आधीपासून दिवे लागेपर्यंत आम्ही पोरांकडून टिक मारून घ्यायचो. पोरगं झोपेत बोटानं उशीवर टिक मारतं, असं एखाद्या आईनं सांगितलं की आमच्या क्लासचे मालक, म्हणजे सर, तिला चहा पाजायचे.

तर नांदेडहून एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. लाईन खरखरत होती. त्या म्हणाल्या, "टिक असलेल्या मुलांचं उन्हाळी शिबिर घेतेय, किनवटकडं. स्वयंसेवक हवेत. याल का?"

मी विचारलं, "टिक म्हणजे... किती टिक?"

"काहींना फार आहेत हो. दिवसभर थांबतच नाहीत."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दिवसभर न थांबता टिक मारणारी पोरं, तीही किनवटच्या जंगलात, म्हणजे दुसऱ्या कुठल्या क्लासची नजर पडायच्या आधी! मी सरांना सांगितलं. सरांनी मला हयातीत पहिल्यांदा रजा दिली, वर ऑब्जेक्टिव्हच्या प्रश्नसंचांचं एक पोतं आणि जाहिरातीची पत्रकं दिली. म्हणाले, "जा. पण रिकाम्या हातानं येऊ नको."

बाईंनी मलाच का बोलावलं, तर म्हणे मी भूकंपात काम केलं होतं. केलं होतं खरं. कॉलेजात होतो, किल्लारीकडं गेलो होतो, आणि माझ्याकडं काम होतं ते शिट्टीचं. मदतीच्या रांगा लावायच्या आणि कुणी मधे घुसलं की शिट्टी मारायची. ज्यांची घरं गेली, माणसं गेली, त्यांना मी शिट्टी मारून सरळ उभं करत होतो. त्या दिवसांतला माझा एक फोटो पेपरात आला होता, घोंगडी देताना. घोंगडी घेणाऱ्याचं तोंड फोटोत नाही, माझं पूर्ण आहे. त्या फोटोवर मी पुढं कितीतरी वर्षं अनुभवी स्वयंसेवक म्हणून फिरलो.

शिबिरात आणखी दोन अनुभवी भेटले, दोघंही भूकंपाच्याच छावणीतले. एक निवृत्त पीटी मास्तर, ज्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो. दुसऱ्या लातूरच्या एका बँकेतल्या मॅडम, ज्यांनी मुंबईहून आलेल्या कपड्यांची वाटणी केली होती आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला टाय बांधून दिला होता. आम्ही तिघं एकमेकांना पाहून इतके खूश झालो, की जणू आमच्यासाठीच भूकंप पुन्हा झाला.

जागा म्हणजे एक आश्रमशाळा. पोरं सुट्टीला घरी गेलेली, वसतिगृह मोकळं, मागं सागाचं रान, समोर लांबवर रेल्वेचा रूळ. अर्धापूरच्या एका दानशूर बागायतदारानं केळी पाठवली होती, आणि त्यांचं दातृत्व इतकं मोठं, की सकाळी केळी, जेवणात शिकरण, संध्याकाळी पुन्हा केळी. केळीचे घड उतरवताना मी माझंही पोतं उतरवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे काय?"

"प्रश्नसंच. टिक मारायला."

बाईंनी पोत्यात हात घालून एक संच उघडून पाहिला. मग मला एका खांबाआड नेऊन, बहुधा बाकीच्यांना कळू नये म्हणून, टुरेट सिंड्रोम काय असतं ते सांगितलं. डोळे मिचकतात, मान झटकली जाते, खांदा उडतो, घशातून आवाज निघतो, कुणाच्या तोंडून एखादा शब्दच पुन्हा पुन्हा येतो. त्याला टिक म्हणायचं. मूल ते मुद्दाम करत नाही. शिंकेसारखं असतं. थोडा वेळ दाबून धरता येतं, मग दुपटीनं बाहेर येतं. "बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "आणि हो, भूकंपाशीही नाही. इथं निम्म्या पालकांना वाटतं, पोर भूकंपात भ्यालं म्हणून असं करतंय."

हे मी बाकीच्या दोघांना सांगितलं, तेव्हा सगळ्यांत जास्त वाईट गुरुजींना वाटलं. भूकंपाशी संबंध नाही म्हटल्यावर त्यांचा अनुभव कुठं वापरायचा?

त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी आम्हा तिघांना बसवून एकेका मुलाची माहिती दिली, कुणाची टिक कोणती, कुणाला काय सोसत नाही ते. त्या बैठकीला मी अर्धाच होतो. उरलेल्या अर्ध्या वेळात मी स्वयंपाकघराच्या दारात आचाऱ्याला क्लासचं पत्रक देत होतो, कारण त्याचा भाचा नववीत आहे असं कळलं होतं. परत आलो तेव्हा बाई शेवटचं वाक्य बोलत होत्या, "म्हणजे एवढंच लक्षात ठेवा, टिककडं लक्ष द्यायचं नाही. मुलाकडं द्यायचं." एवढंच लक्षात ठेवायचं म्हणतात, तर मी तेवढंच लक्षात ठेवलं.

पहिल्या सकाळी गुरुजींनी पोरांना मैदानात उभं केलं आणि मी सवयीनं खिशातून शिट्टी काढून मारली. ही मुलं कानावर पडलेला आवाज उचलतात, हे बैठकीच्या त्या अर्ध्या भागात सांगून झालं होतं, जो मी आचाऱ्याबरोबर घालवला. दुपारपर्यंत पाच-सहा पोरांच्या तोंडून हुबेहूब माझी शिट्टी निघायला लागली. जेवताना शिट्टी, आंघोळीला शिट्टी. आणि गुरुजी! चाळीस वर्षं शिट्टीवर थांबलेला आणि शिट्टीवर चाललेला माणूस. कुठूनही शिट्टी आली की पाय जुळवून खाडकन उभे राहायचे. घास हातात, आणि गुरुजी सावधान. पोरांना वाटलं, गुरुजींनाही टिक आहे. ती मोठ्या मनानं गुरुजींकडं लक्ष देईनात.

आमचं लक्ष न देणंही तितकंच कडक होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ओसरीत केळी सोलत बसलो होतो. बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा समोर येऊन ओरडायला लागला, "इच्चू! इच्चू!" मॅडमनी त्याच्याकडं पाहून प्रेमळ हसू केलं आणि आम्हाला हळूच म्हणाल्या, "लक्ष नका देऊ." आम्ही दिलं नाही. पोरगा घायकुतीला आला. "ओ गुरुजी, इच्चू हाय इच्चू!" गुरुजी त्याला म्हणाले, "शाब्बास बाळा, मोकळेपणानं म्हण." मग पोरानं पायातली चप्पल काढली आणि गुरुजींच्या मांडीखालच्या सतरंजीवर हाणली. चांगला काळाभोर विंचू निघाला. पोरगा आमच्याकडं बघत म्हणाला, "मला नुसती मान झटकायची टिक हाय. तुमाला काहीच ठावं न्हाई का?"

इतकं झाल्यावर शहाण्या माणसानं आपल्याला काहीच ठाऊक नाही असं मानून बाईंना पुन्हा एकदा विचारलं असतं. मी तसं केलं नाही, कारण तोवर मला माझी विद्यार्थिनी सापडली होती.

ती अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. डोळे मिचकायची, मान उजवीकडं झटकायची. मी समजलो, झालं, हिच्या टिक एवढ्याच. पोत्यातले प्रश्नसंच वाया जाऊ नयेत म्हणून मी ओसरीवर बसून ज्याला हवं त्याला फिजिक्स शिकवायला घेतलं होतं. हवं होतं असं कुणाला दिसलं नाही. पण ही तिथं शेंगा निवडत बसलेली असायची. मी म्हणालो, "विद्युतधारा म्हणजे काय, तर विद्युतभाराचं वहन."

ती म्हणाली, "हाव."

पुण्याकडच्या वाचकासाठी सांगतो, आमच्याकडं हाव म्हणजे हो. तिकडं हाव म्हणजे लोभ. माझ्या गोष्टीत दोन्ही अर्थ चालतील.

"आणि रोध वाढला की धारा कमी होते. कळतंय ना?"

"हाव."

"एकदम सोपं आहे ना?"

"हाव, हाव!"

आता तुम्हीच विचार करा. क्लासमध्ये माझ्यासमोर पत्र्याच्या शेडात शंभर-दीडशे पोरं बसायची. मी "कळलं का?" विचारलं की भिंतीवरची पाल तेवढी उत्तर द्यायची. आणि इथं ही मुलगी माझ्या प्रत्येक वाक्याला, कधी कधी तर वाक्य पुरं व्हायच्या आधीच, हाव म्हणत होती. मी ओहमच्या नियमावरून किर्चहॉफवर गेलो, अकरावीतून बारावीत शिरलो, तिचा हाव कमी होईना. उलट मी जितका जोरात शिकवायला लागलो, तितका तिचा हाव वाढला. माझ्यात एवढा मोठा शिक्षक दडलाय हे मला तोवर माहीत नव्हतं. तिला खरंच काही कळतंय का हे मी पाहिलं नाही, असं नाही. तारांच्या जोडणीचे प्रश्न घातले, तिनं भराभर सोडवले. म्हणजे पोरगी हुशारच होती.

मग मी मुद्द्यावर आलो. "लातूरला येणार ना, माझ्या क्लासला?"

"हाव."

"सायन्स घेणार ना?"

"हाव, हाव!" डोळे मिचकले, मान झटकली, तोंड लाल झालं. मला वाटलं, आनंदानं.

मी किनवटच्या एसटीडी बूथवर गेलो. आधी सरांना फोन केला, "सर, व्हेकेशन बॅचला एक सीट धरा." आमच्याकडं दहावीचा निकाल लागायच्या आधीच अकरावी शिकवून व्हायला लागायची, त्या बॅचचं हे नाव. मग तिच्या गावातल्या किराणा दुकानात फोन लावून वडलांना बोलावून घेतलं. ते शेतकरी माणूस, फोनवर ओरडूनच बोलायचे. मी म्हणालो, "काका, तुमची मुलगी लातूरला यायला एका पायावर तयार आहे. मी स्वतः विचारलं."

"असं म्हणली?"

"एकदा नाही, दहादा म्हणाली."

"लई चांगलं झालं सर. माझ्या मनात होतंच. म्या पेटी-वळकटी घेऊनच येतो शिबिराच्या शेवटच्या दिशी. तिथूनच तिला परभारं लातूरला नेऊन सोडतो हॉस्टेलात."

परत आलो तो केळीवाल्याच्या टेम्पोत बसून, गाणं म्हणत. ओसरीवर तिला आणि तिच्या शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीला सांगितलं, "काम फत्ते. सीट धरली, वडलांशी बोललो. शेवटच्या दिवशी इथूनच थेट लातूर! खूश ना?"

"हाव," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैत्रीण माझ्यापुढं येऊन उभी राहिली. नांदेडची होती, खांदा उडायचा तिचा आणि जीभ त्याहून जास्त.

"सर, तुम्ही हे काय करून राहिले?"

"काय केलं?"

"ती कालपासून रडून राहिली. जेवली न्हाई."

"का? ती तर हाव म्हणाली!"

"ती टिक हाय तिची! हाव ही तिची टिक हाय! डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं सगळ्यांना. तुम्ही कुठं होते?"

मी आचाऱ्याबरोबर होतो. पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मी आत गेलो. ती खाटेवर बसली होती, डोळे सुजलेले. मी म्हणालो, "अगं, मग मला सांगायचं तरी, की यायचं नाही म्हणून."

"तुम्ही इचारता कुठं," ती म्हणाली, "हाव, तुम्ही नुसतं ना ना म्हणता. येणार ना, कळलं ना, सोपं हाय ना. असं कुणी ना केलं की माझं, हाव, लईच येतं. हाव! मग समोरचा खूश होऊन निघूनच जातो."

तिला लातूर का नको, ते मग कळलं. क्लासच्या हॉस्टेलात एक मोठी अभ्यासिका असते, तिथं पोरी गप्प बसून वाचतात, पान उलटलेलं ऐकू येतं. तिच्या गावची एक पोरगी तिथं होती, तिनं सांगितलेलं. "तिथं मी एकदा हाव म्हणलं की सगळ्या वळून बघणार. मग दाबून धरायचं. दाबलं की डोकं दुखतं. वर्षभर कसं दाबू? दहावीलाच पेपराला अर्धा वेळ दाबण्यात गेला माझा." आणि तिला करायचं होतं वेगळंच. अहमदपुरात तिच्या मामाचं मोटारी भरायचं, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार घालायचं दुकान होतं. लोडशेडिंगच्या दिवसांत विहिरीवरच्या मोटारी ढिगानं जळायच्या, आणि ही सुट्टीत मामाकडं बसून तांब्याच्या तारेचे वेढे घालायला शिकली होती. तिला नांदेडच्या आयटीआयला जायचं होतं, इलेक्ट्रिशियन व्हायला. नांदेडात मावशी होती. "वर्कशॉपात मशीनच एवढं वरडतं," ती म्हणाली, "माझं हाव कोण ऐकतंय?"

मला पहिल्यांदा कळलं, की तारांच्या जोडणीचे प्रश्न तिनं भराभर सोडवले त्यात माझा काही हात नव्हता.

मी म्हणालो, वडलांसाठी लिहून दे, मी वाचून दाखवतो. ती म्हणाली, "लिहून दिलं की बाबा म्हणतील, कुणीतरी लिहून घेतलं पोरीकडून. मला तोंडानं सांगायचंय. पण सांगायला लागलं की, हाव, ते ऐकतात तेवढं हावच."

आम्हा तिघा अनुभवींची तातडीची बैठक झाली. मॅडम म्हणाल्या, आपण तिला मनोबल द्यावं. ते कसं द्यायचं हे त्यांना सांगता येईना, पण कपड्यांसारखं वाटता आलं असतं तर त्यांनी वाटलंच असतं. गुरुजी म्हणाले, सराव पाहिजे. त्यांनी मुलीला मैदानात उभं केलं आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, "माझ्यामागं म्हण. न्हाई!"

"न्हाई, हाव."

"नुसतं न्हाई!"

"न्हाई. हाव! हाव!"

कडुलिंबाखालून कुठूनतरी माझी शिट्टी वाजली आणि गुरुजी सावधान झाले. मुलगी हसायला लागली. आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई नांदेडहून आल्या, त्या दिवसाआड यायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला म्हणाल्या, "तिला नाही म्हणता येतं. अगदी चांगलं येतं. तिला काही शिकवू नका. वडील आले की त्यांना तेवढं समजावून सांगा." मग माझ्याकडं बोट केलं, "तुम्ही सांगा. फोन तुम्ही केला होता."

समारोपाच्या दिवशी मांडव घातला, केळीच्या खांबांचा, अर्थातच. प्रमुख पाहुणे बागायतदार येऊन बसले. आणि वडील आले, डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत वळकटी, कमरेला नवं धोतर. पेटी पायरीवर ठेवून मला म्हणाले, "सर, तुमचे उपकार झाले."

मी त्यांना पायरीवर बसवलं आणि मेंदूपासून सुरुवात केली. मेंदूतून शिंकेवर आलो, शिंकेतून पुन्हा मेंदूत गेलो. ते मान डोलावत होते. शेवटी मी थांबलो तेव्हा म्हणाले, "भूकंपापासून हाय ते तिला."

"भूकंपाचं नाही काका. म्हणजे तिचं हाव जे आहे ना, ते हाव नाही."

"म्हंजे ती हाव म्हणली की न्हाई समजायचं?"

"नाही नाही. हाव म्हणजे काहीच नाही."

"आन न्हाई म्हणली तर?"

"तर नाही."

"आन तुमी फोनवर सांगितलं, दहादा म्हणली म्हणून?"

"ते मी हाव समजलो."

"तुमी मास्तर हायसा ना?" त्यांनी विचारलं. खवचटपणे नाही, खरंच खात्री करून घ्यायला. मग मुलीकडं वळले. ती खांबाला धरून उभी होती, नांदेडची मैत्रीण तिच्या पाठीशी. "काय गं बाई, लातूरला यायचं ना?"

"हाव! हाव! हाव!" तिची मान झटके घ्यायला लागली.

"बगा," वडील मला म्हणाले.

"काका, तसं नका इचारू!" मैत्रीण मधे पडली. "ना ना नका करू. काय करायचं म्हणून इचारा, आणि मग थोडं थांबा."

वडलांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटतं, त्या माणसानं आयुष्यात हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. त्यांना तो नीट जमेना. "काय... म्हंजे, काय करायचं म्हणतीस तू?"

मांडवातून माईक तपासल्याचा आवाज आला. मुलगी बोलायला लागली. हाव येत होता, डोळे मिचकत होते, पण वडील थांबले होते. "मला लातूरला जायचं न्हाई. हाव. मला आयटीआय करायची. नांदेडला, हाव, मावशीकडं राहीन. मामानं शिकवलंय मला. हाव. पाच हॉर्सपॉवरची मोटार मी एकटीनं भरली, मामाला इचारा. हाव! मला अभ्यासिकेत न्हाई बसवत बाबा. न्हाई बसवत."

वडलांनी मांडीवरची टोपी उलटीपालटी केली. मग एकदम म्हणाले, "थांब. गेल्या साली म्या तुला इचारलं, म्हैस इकू का? तू हाव म्हणलीस."

"मी रडले होते की बाबा!"

"मला वाटलं, म्हशीसाठी रडून राहिली."

"म्हशीसाठीच!"

"आन आत्याच्या गावाला सुट्टीभर ठिवलं तवा?"

"न्हाई जायचं होतं मला!"

"आन गवारीची भाजी?"

"मला गवार आवडतच न्हाई!"

"अगं, तुझी माय आठ दिसातून चारदा करती गवार, तुला आवडती म्हणून!" ते कळवळून म्हणाले. मग माझ्याकडं वळले, जणू मी त्यात पंच होतो. "म्या साऱ्या गावात सांगत फिरलो, सर. माझी लेक लई गुणाची, कधी म्हणून न्हाई म्हणत न्हाई."

मला हसू येत होतं आणि हसण्याचा हक्क मला नव्हता. माझ्या बॅचमधल्या किती पोरांच्या आया-बापांनी हेच मला सांगितलं होतं, टुरेट नसलेल्या पोरांबद्दल.

आणि मग भांडण सुरू झालं. नीट भांडण. इतकी वर्षं तिच्या हावमुळं या दोघांना भांडताच आलं नव्हतं, ती सगळी थकबाकी त्या पायरीवर निघाली. मोटारी भरायच्या? पोरीच्या जातीनं? का, मामा भरतोच की! मामा बाप्या हाय! मग तारेला काय कळतं, हाव, बाप्या का बाई? मॅडम समजूत घालायला पुढं झाल्या, तर दोघांनी एकदम त्यांना गप्प केलं. मांडवात पाहुण्यांच्या भाषणाची वेळ टळून गेली होती. कुणीतरी बोलवायला आलं, तर डॉक्टरीणबाईंनी हातानंच थांबवलं. शिबिरातली सगळी पोरं मांडव सोडून पायरीपाशी गोळा झाली, शिट्ट्या वाजत होत्या, खांदे उडत होते, आणि बागायतदार एकटेच रिकाम्या खुर्च्यांकडं तोंड करून बसले होते.

शेवटी वडील दमले. टोपीनं तोंड पुसलं. म्हणाले, "म्हंजे आयटीआयच?"

"हाव."

सगळे थांबले. गुरुजीसुद्धा. वडलांनी तिच्या तोंडाकडं अगदी जवळून पाहिलं, जळकी मोटार उघडून पाहावी तसं.

"ही हाव कोणती? ती, का आपली?"

"आपली," ती म्हणाली.

त्यांनी टोपी घातली, उठले. "मावशीला इचारलं का?"

"न्हाई."

"मग आदी तिला इचारावं लागंल. नांदेडवरूनच जाऊ, चल." त्यांनी वळकटी काखेत मारली, पेटीच्या एका कडीला हात घातला आणि माझ्याकडं पाहिलं. "सर, धरा की दुसऱ्या बाजूनं. तुमच्यापायी भरलीया ही."

मी धरली. पेटीत बापानं काय काय भरलं होतं कोण जाणे, फार जड होती. स्टँड लांब होता. वाटेत ते दोघं पुढं भांडत चालले होते, म्हशीच्या जागी आता दुसरी घ्यायची की नाही यावरून, आणि कडी माझ्या बोटांत रुतत होती. क्लासचे सर लातुरात माझी वाट बघत होते. त्यांना काय सांगायचं, ते मला अजून सुचलं नव्हतं.